खालचा रंग

प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. १९८२ साली आपल्या कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून मी तो भरला तेव्हा त्यात 'पेंटर' असं लिहिलं. तसं खोटं काही लिहिलं नव्हतं. आमचे आप्पा रंगारी होते. कऱ्हाडात आणि आसपासच्या गावांत घरं, शाळा, देवळं रंगवायचे. पण 'रंगारी' हा शब्द लिहायला हात धजला नाही. 'पेंटर' या शब्दात एक सोय होती. त्यात दोन माणसं मावत होती, आणि त्यातलं कोणतं दिसायचं ते मी वाचणाऱ्यावर सोडून दिलं.

होस्टेलवर हळूहळू असा समज पसरला की याचे वडील चित्रकार आहेत. कुणी विचारलं, "लँडस्केप करतात की पोर्ट्रेट?" मी म्हणायचो, "सगळंच करतात." एका अर्थी तेही खरंच होतं. दोन वर्षं मी असा अर्ध्या खऱ्याच्या आडोशाला राहिलो.

खरं तर रंगाची माझी पहिली ओळख आप्पांच्या पिंपातली. चुन्याची कळी रात्री पाण्यात टाकली की ती फसफसून उकळायला लागे, आणि आम्हा पोरांना लांब उभं केलं जाई. सकाळी तो चुना गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं, पांढरेपणाला उठाव यावा म्हणून चिमूटभर नीळ टाकायची. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्या हाताखाली असे. पोपडे खरवडायचे, भेगांत लांबी भरायची, घासकागदानं भिंत घासायची. मग पहिला हात, तो वाळला की दुसरा हात. आप्पांचा एक दंडक होता. खालचं वाळल्याशिवाय वरचा हात द्यायचा नाही. आणि चौकटीपाशी, खुंट्यांपाशी, बटणांच्या पाटीपाशी कड नीट भरायची. कड सोडली की जुना रंग डोकावतो आणि मालक पैसे कापतो.

कॉलेजात आल्यावर मात्र रंग म्हणजे ट्यूबमधून येणारी, इंग्रजी नावाची वस्तू झाली. पिंप, कुंचा, परांची हे सगळं मी गावाकडं ठेवून आलो होतो. निदान माझी तशी समजूत होती.

१९८४ साली आम्हाला 'इंटिरियर' हा विषय दिला होता. मी आमची पुढची खोली रंगवली. खिडकीतून येणारा उजेड, शिवणाचं मशीन, भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातली उतरंड. फरशीच्या रेषा ठरल्या बिंदूकडं बिनचूक धावत होत्या. छायाप्रकाश नेटका होता. रंग बदामी, करडे, सांभाळून लावलेले. आमचे सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खोली छान मोजली आहेस. आता ती दिसायची तेवढी राहिली आहे." मग म्हणाले, "लायब्ररीत जा आणि मातीसचा लाल स्टुडिओ बघ."

त्या दिवशी ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे त्याची छापील प्रत, पुस्तकाच्या एका पानावर, तळहाताहून थोडी मोठी. हेन्री मातीसनं हे चित्र १९११ साली पॅरिसच्या बाहेर, इसी-ले-मुलिनो इथल्या आपल्या स्टुडिओत रंगवलं. मूळ चित्र सुमारे सहा फूट उंच आणि सात फुटांहून थोडं जास्त रुंद आहे. विषय साधा : चित्रकाराची स्वतःची कामाची खोली. पण पान उघडल्यावर खोली दिसत नाही, आधी लाल दिसतो. भिंत लाल, जमीन लाल, टेबल लाल, खुर्ची लाल, कपाट लाल, मधोमध उभं असलेलं उंच घड्याळही लाल. सावली कुठंच नाही. भिंत संपून जमीन कुठं सुरू होते ते एका बारीक रेषेवरून ओळखायचं, आणि भिंतीचा कोपरा तर त्यानं दाखवलेलाच नाही. टेबल, खुर्च्या, कपाट यांना अंगच नाही. लाल रंगात तरंगणाऱ्या फिकट रेषा, एवढंच त्यांचं असणं.

मात्र त्या लाल पसाऱ्यात काही वस्तू आपल्या पूर्ण रंगानिशी उभ्या आहेत. त्या म्हणजे मातीसची स्वतःची कामं. कॅनव्हास, शिल्पं, रंगवलेली एक थाळी, मिळून अकरा. त्याच्या जुन्या चित्रांतली गुलाबी, निळी, हिरवी माणसं आणि फुलं तिथं दिव्यासारखी लावून ठेवली आहेत. पुढच्या टेबलावर खडूंची उघडी पेटी आहे, एक पेला आहे, आणि हिरव्या बाटलीतून निघून वळणं घेत जाणारी एक वेल आहे. घड्याळाला काटे नाहीत.

सगळ्यात नवल मला नंतर वाटलं. त्या स्टुडिओच्या भिंती प्रत्यक्षात पांढऱ्या होत्या. लाल त्या खोलीत नव्हताच. तो मातीसनं आणला. कुठून आणला हे आपल्यालाच ठाऊक नाही, असं पुढे त्यानं सांगून ठेवलं आहे. एवढंच की त्या वस्तू त्याला लाल रंगाबरोबर पाहिल्या तेव्हाच त्यांच्या खऱ्या रूपात दिसल्या.

विसाव्या वर्षी माणसाला अशा वाक्याची फार घाई होते. मी होस्टेलवर परतलो आणि रात्रभर जागून आमची पुढची खोली लाल करून टाकली. नव्या कागदावर, पोस्टर कलरचा भडक लाल, जमीन-भिंत-मशीन सगळं एकजात. वरून पांढऱ्या रंगानं बारीक रेषा ओढल्या. आईनं दिवाळीत अंगणात गेरूचा चौकोन सारवून त्यावर रांगोळी काढावी तशा. मातीसनंही तसंच केलं असणार अशी माझी खात्री होती. आधी लाल, मग वर रेषा. वारली घरातही भिंत गेरूनं सारवतात आणि तांदळाच्या पिठीनं वर चित्र काढतात. मला वाटलं, बघा, फ्रेंच माणसाचं गुपित आपल्या अंगणात सापडलं.

सरांनी चित्र पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "लाल लावलास. पण हा लाल खोलीत राहायला आलेला नाही, पाहुणा आलाय." एवढंच बोलून पुढच्या चित्राकडं गेले. मला ते झोंबलं, आणि कळलं काहीच नाही.

त्यानंतर आठवड्याभरात आप्पा आले. शहरात एका बंगल्याचं काम मिळालं होतं, दुपारच्या सुटीत पोराला बघून जावं म्हणून थेट कॉलेजात. मी व्हरांड्यात मित्रांबरोबर उभा होतो. लांबूनच ओळखलं. डोक्याला फडकं, शर्टावर चुन्याचे शिंतोडे, हातात पिशवी. मी पुढं झालो नाही, हे लिहिलंच पाहिजे. दोन पावलं मागे सरलो आणि तेच माझ्यापर्यंत चालत आले. माझ्या एका वर्गमित्रानं पुढं होऊन नमस्कार केला आणि मोठ्या आदरानं विचारलं, "काका, तुम्ही ऑइलमध्ये काम करता की वॉटरकलरमध्ये?"

आप्पा प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन्हीत. खाली ऑइल, वर डिस्टेंपर."

क्षणभर शांतता. मग तो मित्र हसला. त्याला तो विनोद वाटला, की त्याला सगळं समजलं आणि त्यानं मला सांभाळून घेतलं, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही. आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना समजलं होतं. ते काही बोलले नाहीत.

त्यांना तिथून हलवायचं म्हणून मी लायब्ररीत नेलं. काहीतरी दाखवायचं म्हणून ते पुस्तक काढलं. हात पुसून त्यांनी पान जवळ घेतलं, उजेडाकडं तिरकं धरलं. भिंत तपासताना धरत तसं.

"किती बाय किती हाय ह्ये?"

"सहा बाय सात फूट."

"म्हंजे चाळीस-बेचाळीस फूट." मनाशी हिशेब करून ते पुन्हा पानात शिरले. मग खुर्चीच्या रेषेवर नख ठेवून म्हणाले, "ह्येच्या खाली दुसरा रंग हाय बघ."

मी म्हणालो, "नाही आप्पा. लालवर रेषा काढल्यात."

"रेष वर न्हाई, रेष खाली हाय. लाल दोन्ही बाजूनं येऊन थांबलाय. कड सोडलीय त्यानं. आन् खालचं वाळू दिलंय आधी, न्हाईतर लालात मिसळून चिखल झाला असता." मग जरा थांबून, "मालकानं पैसे दिले का ह्येचे?"

मी सांगितलं की नाही दिले. मातीसचा मोठा ग्राहक होता मॉस्कोचा व्यापारी, सर्गेई श्चुकिन. त्यानं हे चित्र घ्यायला नम्रपणे नकार दिला. पुढं १९१२ मध्ये लंडनला आणि १९१३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शनांत लागलं, आणि न विकलं जाता परत आलं.

"मग?" आप्पा म्हणाले, "कड सोडल्यावर कोण देतंय?"

मला हसू आलं. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. मग त्यांनी माझं चित्र मागितलं. मी नाइलाजानं ते लाल चित्र दाखवलं. ते म्हणाले, "कोऱ्यावर थेट लाल मारलास. भडक लाल कोऱ्यावर कधी उभा ऱ्हात न्हाई. झाकत न्हाई तो. गेरू झाकतो." आणि जाताना पिशवीतून आईनं दिलेले लाडू काढून देऊन गेले.

त्यांचं ते बोलणं मी त्या वेळी रंगाऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं. हातातलं पुस्तक मिटलं आणि मित्रांत जाऊन मिसळलो. 'पेंटर' या शब्दाबद्दल पुढं कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आप्पा पुन्हा कॉलेजात आले नाहीत.

हळूहळू शिकत गेलो तसतसं कळत गेलं की त्या माणसानं एका तळहाताएवढ्या छापील प्रतीवरून चित्राचं मर्म सांगितलं होतं. मातीसनं वापरलेला लाल हा व्हेनेशियन रेडच्या जातीचा, म्हणजे लोहाच्या मातीचा, आपल्या गेरूचा सख्खा भाऊ. हा रंग दाट असतो, खालचं झाकतो. माझ्या बाटलीतला भडक लाल पारदर्शक होता, कागदाचा पांढरेपणा त्यातून केविलवाणा डोकावत होता. आणि त्या रेषा खरोखरच वर काढलेल्या नाहीत. लाल रंग लावताना मातीसनं त्या सोडल्या आहेत. रांगोळीची रेष सारवणावर बसते. मातीसची रेष म्हणजे सारवण जिथं पोचलं नाही ती जागा. तिच्यातून आधीचा रंग दिसतो.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं या एकाच चित्राभोवती मोठं प्रदर्शन भरवलं. हे चित्र १९४९ पासून त्यांच्या संग्रही आहे. चित्रात दिसणाऱ्या ज्या कलाकृती आज शिल्लक आहेत त्या त्यांनी चित्राशेजारी आणून मांडल्या. त्यातलं एक मोठं चित्र मात्र आता अस्तित्वात नाही, ते फक्त या लाल भिंतीवर टिकून आहे. त्या निमित्तानं मूळ कॅनव्हासचा शास्त्रीय अभ्यास झाला. लालच्या खाली निळा, गुलाबी, पिवळसर मातकट असे वेगवेगळे रंग आहेत. म्हणजे मातीसनं ती खोली आधी अनेक रंगांत रंगवली होती, ते वाळलं, आणि मग त्यानं सगळ्यावरून लाल फिरवला. हे वाचलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आप्पांना जाऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती.

इथं मला विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ठळक, धीट रंग म्हटला की आपण ट्यूबमधला सगळ्यात भडक रंग उचलतो. धिटाई रंगाच्या भडकपणात असते असं आपल्याला वाटतं. मातीसचा लाल तसा भडक नाहीच. विटेकडं, मातीकडं झुकणारा आहे. त्याची धिटाई दुसरीकडं आहे. एक पुरं झालेलं, बऱ्यापैकी जमलेलं चित्र समोर असताना त्यानं ते झाकून टाकलं. सावल्या गेल्या, कोपरे गेले, खुर्चीचं वजन गेलं, घड्याळातली वेळ गेली. जे त्याला आतून महत्त्वाचं होतं तेवढं, म्हणजे आपलं काम, त्यानं लालातून वाचवलं. खोलीत काय आहे हे न सांगता, त्या खोलीत उभं राहिल्यावर त्याला काय वाटतं ते त्यानं सांगितलं. मेज-खुर्च्यांचा विसर पडतो आणि नुसती चित्रंच दिसतात असा तो कामातला क्षण आहे. तो क्षण बदामी रंगात सांगता आला नसता.

असं त्यानं पूर्वीही एकदा केलं होतं. १९०८ सालचं त्याचं एक मोठं चित्र आहे, जेवणाच्या टेबलाशी फळं मांडणारी बाई, मागं खिडकी. ते आधी निळसर होतं. पुरं झाल्यावर त्यानं सगळं लाल केलं. आज ते पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमध्ये आहे. म्हणजे लाल हा त्याचा लहरीचा फटकारा नव्हता. खालचा रंग पूर्ण जगून झाल्यावर आलेला तो वरचा हात होता.

आणि आता सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट. हिलरी स्पर्लिंग या लेखिकेनं मातीसचं दोन खंडांत चरित्र लिहिलं आहे. पहिला खंड १९९८ साली निघाला. तो काही वर्षांनी माझ्या हाती आला. मातीसचे वडील उत्तर फ्रान्समधल्या बोअँ नावाच्या विणकरांच्या गावात बी-बियाण्यांचे व्यापारी होते, आणि त्यांच्या दुकानात घरं रंगवायच्या रंगांचा एक विभाग होता. तो त्याची आई सांभाळत असे. गिऱ्हाइकाला हवा तसा रंग मिसळून द्यायचा, कोणत्या भिंतीला काय शोभेल ते सांगायचं, हे तिचं काम. पुढं विशीतला मुलगा आजारपणात अंथरुणाला खिळला तेव्हा रंगांची पहिली पेटी त्याला तिनंच आणून दिली. मातीसही भिंतीच्या रंगाच्या वासात वाढलेला मुलगा होता. मी हे पान वाचलं आणि मला तो व्हरांडा आठवला, आणि मागे घेतलेली ती दोन पावलं.

आप्पा १९९७ साली गेले. पुढच्या वर्षी भावानं घर दुरुस्तीला काढलं. पुढच्या खोलीची भिंत उतरवताना दाराच्या चौकटीपाशी एक मोठा पोपडा निघाला. मी तो उचलून खिडकीशी नेला. त्याच्या कडेला थरावर थर होते. निळसर पांढरा, पोपटी, पिवळा, फिकट गुलाबी, पुन्हा पांढरा. दर दोन-तीन दिवाळ्यांना आप्पांनी घराला दिलेले हात. कोणत्या थराखाली आजीचं आजारपण होतं, कोणत्या थरावर बहिणीचं लग्न झालं, हे आईला सांगता येत होतं. आमची ती खोली मी १९८४ साली दोनदा रंगवली होती. एकदा मोजून आणि एकदा भडकून. या रंगांपैकी एकही रंग माझ्या चित्रात नव्हता.

तो पोपडा माझ्याकडं एका खोक्यात आहे. तिसऱ्यांदा ती खोली मी २००१ साली रंगवायला घेतली, ते थर त्याच क्रमानं लावत. प्रत्येक थर वाळू दिला. वरचा हात कोणत्या रंगाचा द्यायचा यावर फार दिवस अडून बसलो. लाल नव्हता, एवढं नक्की. लाल मातीसचा होता. शेवटी चुन्याच्या पांढऱ्यात किंचित नीळ घातली, आणि शिवणाच्या मशीनभोवती, शिडीभोवती आणि एका कुंच्याभोवती कड सोडली. चित्र चांगलं झालं की नाही ते मी सांगू नये. आई म्हणाली, "भिंत ओळखीची वाटते." मला तेवढं पुरलं.

मातीसचा मूळ लाल स्टुडिओ मी अजून पाहिलेला नाही. वेगवेगळ्या पुस्तकांतल्या त्याच्या पाच प्रती माझ्यापाशी आहेत आणि पाचांतले लाल पाच तऱ्हेचे आहेत. एकात विटकरी, एकात डाळिंबी, एकात चक्क केशरी. खरा लाल कसा आहे हे त्या भिंतीसमोर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पण खालचा रंग पाचही प्रतींत दिसतो. कसा बघायचा ते मला शिकवलेलं आहे.

या अंकाच्या संपादकांनी लेखाबरोबर चार ओळींचा परिचय मागितला. जन्म, शिक्षण, प्रदर्शनं वगैरे. मी पहिली ओळ अशी लिहून पाठवली आहे : वडील रंगारी होते, दोन्ही माध्यमांत काम करीत. खाली ऑइल, वर डिस्टेंपर.